घशाचा कर्करोग : मानेची शस्त्रक्रिया आणि केमोरेडिएशन

टॉन्सिल, जिभेचे मूळ, स्वरयंत्र आणि त्यामागचा अन्नमार्ग यांच्या पसरलेल्या कर्करोगात मानेतल्या लसीकाग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया (नेक डिसेक्शन) आणि एकाच काळात दिलेले किरणोपचार व केमोथेरपी यांची सांगड. गाल व हिरड्यांच्या कर्करोगात शस्त्रक्रियाच सहसा आधी होते, म्हणून तो या नोंदीत धरलेला नाही.

घशातली गाठ सोडून निघालेल्या कर्कपेशी बहुधा आधी मानेतल्या ग्रंथींत अडकतात. पुष्कळांना घशातला व्रण जाणवतही नाही. दाढी करताना जबड्याखाली हाताला लागलेली, न दुखणारी गाठ त्यांना डॉक्टरकडे नेते.

अमेरिकेत क्लीव्हलंडचे शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी 1906 मध्ये 132 शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला आणि मानेतल्या ग्रंथी एकसंध काढण्याची पद्धत रूढ झाली. ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, गळ्यातली मोठी नीला आणि खांदा उचलणारी नसही जाई. जीव वाचे, पण खांदा खाली पडे. केस विंचरणे, फळीवरचा डबा काढणे अवघड होई. अर्जेंटिनाचे ऑस्वाल्दो सुआरेस आणि पुढे इटलीचे एत्तोरे बोक्का यांनी स्नायू, नीला व नस राखूनही ग्रंथी नीट काढता येतात हे दाखवले. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची सुधारणा मानायला हवी.

दुसरी वाट किरणांची, रुग्णांच्या भाषेत ‘शेक’. प्रगत रोगात त्याची नेहमीची मात्रा 70 ग्रे, 35 बैठकांत, सात आठवडे. सोबत तीन आठवड्यांच्या अंतराने सिसप्लॅटिन : किरणांनी मोडलेला डीएनए पेशीला सांधू न देणारे औषध. 1991 मध्ये अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतील स्वरयंत्राच्या कर्करोगावरील चाचणीत, स्वरयंत्र काढण्याऐवजी, आधी केमो व मग किरण दिलेल्यांपैकी 64 टक्के जणांचे स्वरयंत्र वाचले आणि जगण्याचे प्रमाण घटले नाही. 2003 मध्ये दुसऱ्या चाचणीने दोन्ही एकत्र देणे अधिक लाभाचे ठरवले : दोन वर्षांनी 88 टक्क्यांचे स्वरयंत्र शाबूत होते.

मग प्रश्न उरला मानेचा. घसा बरा झाला तरी मोठ्या गाठींत जिवंत पेशी उरतील या भीतीने केमोरेडिएशननंतर मान सर्रास उघडली जाई. काढलेल्या ग्रंथींत अनेकदा कर्करोग सापडतच नसे. 2016 मध्ये ब्रिटनमधील 564 रुग्णांच्या चाचणीने यावर उत्तर दिले. निम्म्यांची शस्त्रक्रिया ठरलेली होती. उरलेल्यांचे उपचारानंतर 12 आठवड्यांनी पेट-सीटी (सक्रिय पेशी उजळून दाखवणारे स्कॅन) करून शंका आली तरच शस्त्रक्रिया करायची होती. पहिल्या गटात 221 शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात फक्त 54. दोन वर्षे जगणारे अनुक्रमे 81.5 व 84.9 टक्के. बारा आठवडे थांबायचे, कारण त्याआधी शेकाची सूजच पेटवर उजळून दिसते आणि फसवते. या चाचणीतल्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांच्या गाठी एचपीव्ही विषाणूशी संबंधित, म्हणजे उपचाराला चांगली दाद देणाऱ्या होत्या. आपल्याकडे घशाचा रोग मुख्यतः तंबाखूचा. म्हणून पेट शांत दिसले तरी तपासणीच्या फेऱ्या चुकवू नयेत.

काही वेळा क्रम उलटा असतो : शस्त्रक्रिया आधी. कर्करोग ग्रंथीचे कवच फोडून बाहेर आला असेल किंवा कापलेल्या कडेवर पेशी राहिल्या असतील, तर नंतर किरणांसोबत सिसप्लॅटिन जोडतात. 2004 मधल्या युरोपीय व अमेरिकी चाचण्यांचा हा आधार आहे. मूत्रपिंड किंवा कान सिसप्लॅटिन सोसणार नसतील, तर किरणांबरोबर डोसेटॅक्सेल देता येते, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील 2023 च्या चाचणीने दाखवले.

शेक घेतलेली मान कापणे कठीण असते. त्वचा व स्नायू घट्ट होतात, थर वेगळे करता येत नाहीत, जखम उशिरा भरते, मोठ्या धमनीलाही धोका असतो. अशी शस्त्रक्रिया अनुभवी हातांनीच करावी. शेक सुरू होण्याआधी किडलेले दात काढून जखम भरू द्यावी. नंतर काढल्यास जबड्याचे हाड सडू शकते. नळीने अन्न देण्याची वेळ आली तरी घोट गिळण्याचा सराव सोडू नये आणि मानेची शस्त्रक्रिया झाली असल्यास खांद्याचे व्यायाम लवकर सुरू करावेत.