शाळेचा दाखला आणि धोट्याचा दोरा

शाळा आणि कारखाना मिळून पोरांना कामासाठी तयार करणार, ही गोष्ट आता नवी म्हणून सांगितली जाते. आयटीआयच्या भिंतीवर फलक लागतो. साहेब येतात, करारावर सह्या होतात, फोटो निघतो. फोटोत कारखानदार असतो, प्राचार्य असतो. पोरगं नसतं. असलंच तर कडेला, हाराचं तबक घेऊन.

दोस्तांनो, ही गोष्ट नवी नाही. मुंबईत तिला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. नव्या करारावर अंगठा उठवायच्या आधी जुनी वही एकदा उघडून बघू.

1887 साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आजची माटुंग्याची व्हीजेटीआय ती हीच. गिरण्यांची यंत्रं विलायतेतून येत, आणि यंत्रांच्या मागोमाग मास्तर-इंजिनियरही विलायतेतूनच आणावे लागत. ते महाग पडत. म्हणून दिनशॉ पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकांनी हात सैल सोडला, आणि कापडाचं, यंत्राचं शिक्षण इथंच सुरू झालं. मालकाला माणूस हवा होता, शाळेनं तो घडवून दिला. व्यवहार चोख. पण तो वरच्या जागांचा. रोजानं राबणारा गडी त्या शाळेचा विद्यार्थी नव्हता.

त्याची शाळा म्हणजे खातं. गावाहून आलेला पोरगा काका-मामाच्या ओळखीनं मुकादमापुढं उभा राही. बदलीवर लागे. कुणाच्या तरी साच्याजवळ उभं राहून बघता बघता त्याचा हात बसे. फी नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. मुकादम हाच हेडमास्तर, आणि प्रवेशाचा फॉर्म म्हणजे जात.

कारण साचेखात्यात, म्हणजे विणाईत, आपल्या माणसाला मज्जाव होता. धोट्यातली नळी संपली की नवी घालायची आणि तिचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचा, अशी रीत. आज एकाच्या ओठाला लागलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या ओठाला. अस्पृश्याच्या ओठाला लागला तर स्पृश्य विणकर बाटणार! गिरणीत धूर एक, घाम एक, भोंगा एक, पण दोरा वेगळा. विणाईत पगार जास्त, म्हणून हा विटाळ नुसता ओठाचा नव्हता, पोटाचा होता. माझा आजा रिंगखात्यात राबून म्हातारा झाला. साचा त्यानं लांबूनच बघितला.

1928 साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला, सहा महिने चालला. मागण्यांची यादी लांबलचक होती, पण विणाईचं दार अस्पृश्यांना उघडा, ही मागणी तीत नव्हती. ती घाला, असा बाबासाहेबांनी आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीनं. मालकांचं उत्तर काय? हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही! आणि मालक यात खोटं बोलत नव्हते. दाराला कडी कामगारानंच घातली होती. मालकानं फक्त ती काढली नाही, कारण त्याचं काही अडत नव्हतं.

पुढं 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या जागांचा हिशेबही मांडला होता. आपली माणसं गँगमन म्हणूनच का कुजतात? साधा पोर्टरसुद्धा का होत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं, आणि तिथं विटाळ आडवा येतो. म्हणजे काम येतं की नाही हा प्रश्नच नाही. घरात चालतो की नाही, हा प्रश्न.

1942 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, प्रत्यक्ष तांत्रिक कामाच्या शिक्षणाची सोय मागितली. नुसता दाखला देऊन त्यांचं भागणार नव्हतं. यंत्रापाशी उभं राहायला जागा हवी होती.

स्वातंत्र्यानंतर 1950 साली कारागीर प्रशिक्षणाची योजना आली, तिच्यातून आयटीआय वाढल्या. 1961 साली ॲप्रेंटिस कायदा झाला. कारखान्यानं पोरं शिकवायला घेणं ही आता मालकाची मर्जी राहिली नाही, कायद्याचं बंधन झालं. 1973 च्या दुरुस्तीनं अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या. कागदावर दार उघडलं.

पण कायद्यातली दोन कलमं बघा. अठरावं म्हणतं, ॲप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही. बाविसावं म्हणत होतं, शिकून झाल्यावर त्याला नोकरी देणं मालकाला बंधनकारक नाही. म्हणजे आत घ्या, शिकवा, नि सोडून द्या. राखीव जागा शिकण्याची होती, टिकण्याची नव्हती.

मी फिटर ट्रेडचा. एका कारखान्यात वर्षभर ॲप्रेंटिस होतो. पहिल्या दिवशी फोरमननं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या अंगाला ते विचारलं. वर्षभर मी लेथखालचा लोखंडाचा कीस भरला आणि चहा आणला. माझ्या वहीत मात्र सगळं शिकवल्याचं लिहिलेलं, खाली त्याची सही. आज्याला धोटा शिवता आला नाही, मला लेथ. फरक एवढाच, की माझ्याकडं शिकल्याचा दाखला आहे.

1995 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बाकी सगळं सारखं असेल तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा शिकून तयार झालेल्या ॲप्रेंटिसला पसंती द्या. 2007 पासून 1396 सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत आणायची योजना आली. दर आयटीआयला अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज, आणि कारभार बघणाऱ्या समितीवर उद्योगाचा माणूस. 2014 साली बाविसावं कलम बदललं. आता ॲप्रेंटिसला नोकरीत घेण्याचं धोरण मालकानं स्वतः ठरवायचं. कायदा मोडला तर तुरुंगाची जी तरतूद होती, ती त्याच दुरुस्तीत गेली, दंड राहिला. 2016 पासून काही वर्षं विद्यावेतनातला काही वाटा सरकार मालकाला परत देत होतं.

बिनधोट्याचे साचे आले. 1982 च्या संपानंतर एकेक करून गिरण्याही गेल्या. ओठाचं कारण संपलं. पण फोरमनची जीभ आडनाव विचारायची थांबली नाही.

म्हणून शाळेनं कारखान्याशी हात मिळवू नये, असं मी म्हणत नाही. मिळवावा. यंत्राशिवाय हात बसत नाही, आणि आपल्या पोरांना यंत्र हवंच आहे. पण पुढच्या वेळी तुमच्या आयटीआयत करार झाला, की फोटो निघायच्या आधी उठून तीन प्रश्न विचारा. पोरगं कुठल्या मशीनवर उभं राहणार? त्याच्या वहीवरची सही कोण तपासणार? आणि वर्ष संपल्यावर कितीजणांना कामावर घेतलं, कुठल्या वस्तीतल्या, ते भिंतीवर लिहिणार का?

हाराचं तबक खाली ठेवून विचारा.