ओलीस मुलाचे मोल : ‘इन्कार’ (१९७७) चित्रपट आणि खंडणीसाठीच्या अपहरणाचा इतिहास

प्रस्तावना

धनिकाचे मूल पळवावयाचे आणि त्याच्या सुटकेसाठी मोठी रक्कम मागावयाची, या कथाबीजावर आधारलेल्या हिंदी चित्रपटांत राज एन. सिप्पी दिग्दर्शित ‘इन्कार’ (१९७७) या चित्रपटाचे स्थान वेगळे आहे. सामान्य प्रेक्षकाला हा चित्रपट उषा मंगेशकर यांनी गायिलेल्या व हेलन यांच्यावर चित्रित झालेल्या ‘मुंगडा’ या गीतामुळे स्मरतो. जाणकारांना तो वामन भोसले यांच्या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त संकलनामुळे स्मरतो. परंतु या रहस्यपटाच्या मुळाशी एक सामाजिक प्रश्न आहे. यात पळविला जातो तो धनिकाचा मुलगा नसून त्याच्या नोकराचा मुलगा असतो. मग ही खंडणी कोणी व का द्यावी? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा इतिहास, चित्रपट व कायदा या तीन अंगांनी विचार केला आहे.

खंडणी व ओलीस : ऐतिहासिक पार्श्वभूमी

‘खंडणी’ व ‘ओलीस’ हे दोन्ही शब्द मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला नवीन नाहीत. मराठेशाहीच्या व्यवहारात खंडणी म्हणजे वाटाघाटीने ठरविलेली, एका सत्तेने दुसऱ्या सत्तेकडून वसूल करावयाची रक्कम. ओलीस म्हणजे कराराच्या पूर्ततेसाठी हमी म्हणून ठेवलेली व्यक्ती. आज या शब्दांना चिकटलेला गुन्हेगारी अर्थ त्या काळी प्रधान नव्हता. तो युद्धाचा व राजकारणाचा उघड व्यवहार होता.

याचे ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासाशी निगडित आहे. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्यानजीक भीमातीरावरील ब्रह्मपुरी येथे होती. याच काळात, १६९५ च्या अखेरीस, सेनापती संताजी घोरपडे यांनी कर्नाटकात आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातील दोड्डेरी येथे मोगल सरदार कासीम खान व त्याच्या मदतीस धाडलेला खानाजाद खान यांना कोंडीत पकडले. कासीम खान वेढ्यातच मरण पावला. खानाजाद खानाने वीस लाख रुपये खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. हा खानाजाद खान बादशहाचा मीरबक्षी राहिलेल्या रुहुल्ला खानाचा पुत्र, म्हणजे साम्राज्यातील अत्यंत मातब्बर घराण्यातील होता. खंडणीचा आकडा ठरतो तो माणसाच्या जिवावरून नव्हे, तर त्याच्या दर्जावरून, हे तत्त्व या प्रसंगात स्पष्ट दिसते. बड्या सरदाराच्या सुटकेला लाखांचे मोल होते. सामान्य शिपायाला वेगळे मोल लावण्याची गरजच कोणाला वाटत नव्हती.

आधुनिक नगरातील अपहरणाने हे तत्त्व उचलले, मात्र त्यातील उघडपणा टाकून दिला. पकडला जाणारा आता शस्त्रधारी सरदार राहिला नाही. तो शाळकरी मुलगा झाला, आणि वाटाघाटींची जागा निनावी दूरध्वनीने घेतली.

कादंबरी ते चित्रपट

‘इन्कार’चे मूळ भारतीय नाही. एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाने १९५९ मध्ये ‘किंग्ज रॅन्सम’ ही कादंबरी लिहिली. पादत्राणांच्या कंपनीतील एका धनाढ्य अधिकाऱ्याच्या मुलाऐवजी त्याच्या मोटारचालकाचा मुलगा चुकून पळविला जातो, हे तिचे कथासूत्र होय. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी त्यावरून ‘स्वर्ग आणि नरक’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा चित्रपट केला. तो मार्च १९६३ मध्ये प्रदर्शित झाला. जगभर तो ‘हाय अँड लो’ या नावाने ओळखला जातो.

कुरोसावा यांचा नायक गोंडो टेकडीवरील वातानुकूलित घरात राहतो, तर अपहरणकर्ता त्याच टेकडीच्या पायथ्याशी दाट वस्तीतील खोलीत उकाडा सोसतो. कंपनीची सूत्रे ताब्यात घेण्यासाठी गोंडोने घरासह सर्वस्व गहाण टाकलेले असते. खंडणीचे तीन कोटी येन दिले तर तो रस्त्यावर येणार, आणि न दिले तर परक्याच्या मुलाचा बळी जाणार. त्याच्या निर्णयाला नैतिक वजन येते ते या पेचामुळे. या कथेचे आकर्षण अद्याप ओसरलेले नाही. २०२५ मध्ये स्पाइक ली यांनी ‘हायेस्ट टू लोएस्ट’ या चित्रपटात ती न्यूयॉर्कच्या संगीतव्यवसायात आणली.

‘इन्कार’मधील पेच

‘इन्कार’मध्ये हीच कथा मुंबईच्या मातीत रुजविण्यात आली. पादत्राणांच्या व्यवसायातून धनिक झालेल्या हरिदास चौधरी यांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली आहे. ही निवड अर्थपूर्ण ठरते. ‘पिंजरा’ (१९७२) व ‘सामना’ या मराठी चित्रपटांतील मास्तर आणि रंगभूमीवरील ‘नटसम्राट’ (१९७०) यांमुळे मराठी प्रेक्षकाच्या मनात लागूंची प्रतिमा सद्सद्विवेकाशी झगडणाऱ्या माणसाची होती. ‘सामना’त सत्ता व संपत्तीला प्रश्न विचारणारा हा नट येथे स्वतःच संपत्तीच्या बाजूला उभा आहे. आता प्रश्न त्याला विचारला जातो.

जपानी मूळ कथेतील मालक-चालक नाते पगाराचे आहे. भारतीय घरातील नोकर मात्र ‘घरचा माणूस’ म्हणविला जातो. त्याचे मूल मालकाच्या मुलाबरोबर खेळते. पण हे घरचेपण किती खरे, याची परीक्षा क्वचितच होते. अपहरणकर्त्याची चूक ती परीक्षा घडवून आणते. फोनवर मागितलेली रक्कम मालकाच्या मुलासाठी ठरविलेली असते आणि प्रत्यक्षात ओलीस असतो तो नोकराचा मुलगा. दोड्डेरीच्या व्यवहारात दर्जा व मोल यांचा मेळ बसला होता. येथे तो तुटतो. मोल तेच राहते आणि माणूस बदलतो. चित्रपटाच्या शीर्षकाचा अर्थच ‘नकार’ असा आहे, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

मात्र ‘इन्कार’ हा प्रश्न शेवटपर्यंत ताणत नाही. तपास करणारा अधिकारी अमरनाथ (विनोद खन्ना) हा मालकाच्या बहिणीचा (विद्या सिन्हा) प्रियकर दाखविल्याने कथा प्रेम व सूड यांच्या वळणावर जाते. ‘शोले’ (१९७५) नंतरचा अमजद खान यांचा खलनायक प्रेक्षकाचा रोष स्वतःकडे खेचून घेतो. गुन्हेगार जितका काळाकुट्ट, तितका समाज निर्दोष ठरतो. ही त्या दशकातील व्यावसायिक चित्रपटाची मर्यादा मानावी लागेल.

कायद्याचा प्रवास

‘इन्कार’ प्रदर्शित झाला तेव्हा खंडणीसाठी केलेले अपहरण हा भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा नव्हता. १८६० च्या संहितेत खुनाच्या हेतूने अपहरण (कलम ३६४), डांबून ठेवण्यासाठी अपहरण (कलम ३६५) आणि बळजबरीने पैसे उकळणे यांसाठी निरनिराळी कलमे होती. विधी आयोगाने १९७१ च्या ४२ व्या अहवालात स्वतंत्र कलमाची शिफारस केली होती. ते कलम, ३६४-अ, प्रत्यक्षात १९९३ मध्ये आले व त्यात मृत्युदंड अथवा जन्मठेपेची तरतूद झाली. जपानमध्ये हे अंतर फार थोडे होते. कुरोसावांचा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच महिन्याच्या अखेरीस टोकियोत एका बालकाचे खंडणीसाठी अपहरण झाले. १९६४ मध्ये तेथील दंड संहितेत स्वतंत्र तरतूद करण्यात आली.

कलम ३६४-अ ची शब्दरचना येथे महत्त्वाची ठरते. अपहरण ‘कोणत्याही व्यक्तीचे’ असू शकते आणि खंडणीसाठी भाग पाडला जाणारा शासन वा ‘अन्य कोणतीही व्यक्ती’ असू शकतो. दोहोंत रक्ताचे नाते असावे अशी अट नाही. अपहृताला मृत्यूची वा इजेची धमकी किंवा तशी वाजवी भीती हाही या गुन्ह्याचा आवश्यक घटक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम १४० (२) मध्ये आहे.

निष्कर्ष

सतराव्या शतकातील खंडणी माणसाच्या दर्जावर ठरली. विसाव्या शतकातील अपहरणकर्त्यानेही दर्जा पाहूनच घर निवडले. कायद्याने मात्र ‘कोणतीही व्यक्ती’ असे म्हणून मालकाचा मुलगा व नोकराचा मुलगा यांना एकाच ओळीत बसविले. ‘इन्कार’ने हा प्रश्न त्या कलमाच्या सोळा वर्षे आधी लोकप्रिय पडद्यावर मांडला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय. गुन्हेगाराला शासन करणे कायद्याच्या हाती आहे. पण दुसऱ्याच्या मुलासाठी आपली तिजोरी उघडावी, असे कोणतेही कलम सांगू शकत नाही. तो निर्णय हरिदास चौधरींप्रमाणे प्रत्येक संपन्न घराला स्वतःच घ्यावा लागतो. ‘घरचा माणूस’ या शब्दाचे खरे मोलही त्याच वेळी कळते.