खाडीच्या तळाचे आकडे

आरमार म्हटलं की लोकांना सिंधुदुर्ग आठवतो. आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांना मात्र दर वेळी सांगावं लागतं, की १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजं बांधायला घेतली ती इथल्या खाडीत. इथून वसईच्या समुद्रापर्यंत पाणी कुठे किती, हे तांडेलाला पाठ असायचं. नकाशा त्याच्या डोक्यात, आणि तो जायचाही त्याच्याबरोबरच.

आकडे कागदावर आणले ते पुढे कंपनी सरकारच्या आरमारी मोजणीदारांनी. दोरीला शिशाचं वजन, वजनाच्या बुडाशी खळगा, खळग्यात चरबी. तळाला टेकलं की वाळू, चिखल, शिंपला जे असेल ते चिकटून वर येई आणि आकड्याशेजारी नोंदलं जाई. माप वावांचं, सहा फुटांचा एक वाव. पण मोजणी चाले जहाजांच्या वाटेने. जिथे नांगर पडायचे तिथे आकडे दाट, खारफुटीकडे वळलं की कागद कोरा. १८५४ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला पोचली, माल हळूहळू रुळांवर गेला, मग इथली खोली हवी कोणाला?

मी नोकरीत याच खाडीत खोली मोजणारा इको-साउंडर घेऊन फिरलो. होडीच्या रेघेवर हातहातभर अंतराने आकडे, शेजारची रेघ मात्र पन्नास मीटर लांब. हे जसंच्या तसं संगणकाला दिलं, तर तळावर नांगरल्यासारख्या सऱ्या उमटतात. म्हणून आधी चौकटी पाडायच्या, एका चौकटीचा एकच आकडा घ्यायचा, मगच मधल्या जागा भरायच्या. कोणता आकडा घ्यायचा यावर साहेबांशी वाद ठरलेला. नावाड्याला सर्वांत उथळ हवा, गाळ उपसणाऱ्याला सरासरी. मी कायम नावाड्याच्या बाजूचा. सरासरीत खडक लपतो.

त्याहून अवघड प्रकरण वेळेचं. उधाणाला मुंबईत पाणी सुमारे पाच मीटर चढतं-उतरतं. अपोलो बंदरावर भरतीची नोंद १८७८ पासून आहे, पण तीच भरती कल्याणला पोचते उशिरा. तेव्हा मोजणीच्या जागेजवळ भरतीची स्वतंत्र पट्टी रोवावीच लागते. त्यात भर मुंब्रा, डोंबिवलीचं मोठागाव, कल्याणचं रेतीबंदर इथल्या रेतीउपशाची. आधी डुबी मारून बादलीने, नंतर सक्शन पंपाने वाळू निघाली. तिथे जुना आकडा नव्याशेजारी ठेवला की खाडीत नसलेला उंचवटा नकाशात उभा राहतो. अशा जागी मी जुने आकडे सरळ गाळतो. नकाशाला भोक पडलं तर पडो.

जगाचीही तीच गत आहे. सगळा समुद्रतळ नकाशावर आणण्यासाठी ‘सीबेड २०३०’ हा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. जून २०२५ पर्यंत समुद्रतळाचा २७.३ टक्के भागच नीट मोजून झाला होता.

२०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ५३ झाला. त्याचे नकाशे छापताना मोजलेला आकडा आणि भरलेला अंदाज वेगळ्या रंगांत दाखवा, एवढंच माझं मागणं. आणि नाखव्यांच्या, रेतीवाल्यांच्या घरी जुन्या मोजणीच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. खोलीशेजारी जागा, तारीख आणि वेळ लिहिलेली असेल, तर ती वही आजही कामाची आहे.