वाडी आडवी होते ती दुपार

तुम्ही वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्याचे. समुद्र तुमच्या ओळखीचा नाही, पण आभाळ फिरलं की पोटात गोळा येतो तो तुम्हाला ठाऊक आहे. 11 फेब्रुवारी 2018 ला वाशीम जिल्ह्यात गारपीट झाली आणि हातातोंडाशी आलेला हरभरा काही मिनिटांत मातीत गेला. किनाऱ्यावर तसं नाही. इथे संकटाची वाट पाहावी लागते.

आज 2 जून 2020. तुम्ही रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनच्या जीवना कोळीवाड्यात उभे आहात. अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राचं आज चक्रीवादळ झालंय आणि त्याला बांगलादेशाने सुचवलेलं 'निसर्ग' हे नाव मिळालंय. उद्या दुपारी ते याच किनाऱ्याला लागणार.

होड्या आधीच किनाऱ्यावर आल्यात, हे केवढं नशीब! नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं ते ऐन हंगामात. होड्या समुद्रात होत्या, आणि कोकणातले कितीतरी खलाशी घरी परतले नाहीत. वाड्यातली जाणती माणसं आज तेच बोलतायत. "दादा, धर रे!" म्हणत कुणी दोराचं टोक तुमच्या हाती देतं. किनाऱ्यावर घेतलेली होडी आणखी वर ओढायची, माडाला बांधायची. जाळी घरात, सुकट पिंपात. पत्र्यांवर दगड ठेवताना तुमचा हात सरावाने चालतो. गावाकडे वावधानाआधी तुम्ही हेच करता.

कच्च्या घरांतल्यांनी शाळेत यावं, असा पुकारा होतो. टाळेबंदीने धंदा बसलेला, हातात पैसा नाही, वर करोनाचं भय. शाळेच्या एका खोलीत इतकी माणसं, तीही तोंड बांधून. एक आजी उंबऱ्यातून हलत नाही. कोंबड्यांचं काय, विचारते. शेवटी कोंबड्या टोपलीखाली घेऊनच येते.

3 जूनला सकाळपासून पाऊस आडवा येतोय. साडेबाराच्या पुढे वाऱ्याला आवाज फुटतो, घाटातून मालगाडी यावी तसा, फक्त ही गाडी सरतच नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा आहे. शाळेचं दार चौघं दाबून धरतात, त्यांत तुम्ही एक. कौलं उडतात, पत्रे कागदासारखे तरंगत जातात. फटीतून समोरची नारळ-सुपारीची वाडी दिसते. पोफळी आधी वाकतात, पुन्हा उभ्या राहतात, पुन्हा वाकतात, मग मधेच कडाड मोडतात. माड मुळांसकट पडतात. शेजारी उभा असलेला वाडीवाला पहिली काही झाडं मोजतो, मग मोजणं सोडतो. वाऱ्याची दिशा फिरते आणि जी झाडं तगली होती तीही जातात.

संध्याकाळी बाहेर पडता. रस्ता झाडांखाली, विजेचे खांब आडवे, फोन मुके. काही गावांना पुढे कित्येक आठवडे अंधारात काढायचे आहेत. बहुतेक माणसं मात्र वाचली आहेत, कारण इशारा वेळेत आला आणि लोकांनी तो ऐकला. हे मोठं काम झालं, ते मान्यच केलं पाहिजे.

पण झाडांना शाळेत नेता येत नाही. काही दिवसांनी पंचनाम्याला माणसं येतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा. सरकारने या वादळासाठी फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजारांवर नेली आहे. आकडा भरघोस वाटतो. पण इथली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. गुंठ्याला 500 रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार, आणि पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात. जऊळक्यात एक हंगाम बुडाला तर पुढच्या खरिपात पेरता येतं. इथे माणसाची अर्धी उमेद गेली.

म्हणून बागायतदारांनी तेव्हा झाडागणिक भरपाई मागितली, आणि ती बरोबर मागितली. पुढच्या वादळाआधीच प्रत्येक वाडीतल्या झाडांची नोंद सरकारदरबारी झाली पाहिजे. ही मागणी किनाऱ्याची आहे. तुमच्या गावातूनही तिला आवाज द्या.