सौंदत्तीची रेणुका आणि आपली वाट

सौंदत्तीच्या डोंगरावरील रेणुका, म्हणजेच यल्लम्मा, ही कानडी देवी की मराठी, असा प्रश्न आमच्या बालपणी बेळगुंदीत कोणी केल्याचे आम्हांस स्मरत नाही. मार्गशीर्ष जवळ आला की गाड्यांच्या आखांना वंगण पडे, परड्या घासून ठेवल्या जात आणि चौंडक्याच्या ठेक्यावर 'उदो'चा गजर सुरू होई. जोगतीण डोक्यावर जग घेऊन दारी आली की आजी सुपातले तांदूळ घाली आणि भंडारा कपाळी लावून घेई. तिचे कानडी आजीला पुरते कळत नसे; त्यावाचून काही अडलेही नाही.

या नात्याला भूगोलाचा आधार आहे. खानापूर तालुक्यातील कणकुंबीस, माउलीच्या देवळापाशी उगम पावणारी मलप्रभाच पुढे सौंदत्तीजवळून वाहते. रेणुका रोज ओल्या वाळूचा घडा घडवी, नागाची चुंबळ करी आणि जमदग्नीसाठी पाणी नेई, ते याच नदीचे, असे भाविक मानतात. गंधर्वांची जलक्रीडा पाहून तिचे चित्त क्षणभर ढळले, घडा साधेना, आणि पित्याच्या आज्ञेवरून परशुरामाने मातेवर परशू उचलला. वर मागून त्यानेच तिला पुन्हा जिवंत केले. यात्रेकरू आधी जोगनभावीत स्नान करून मगच डोंगर चढतात. डोंगरावर परशुराम आणि मातंगी यांचीही स्थाने आहेत.

सौंदत्ती म्हणजे रट्टांची सुगंधवर्ती. याच रट्टांनी पुढे वेणुग्राम, म्हणजे आपले बेळगाव, राजधानी केले. किल्ल्यातील कमलबस्ती त्यांच्याच काळातली, इ. स. १२०४ची. यल्लम्मेचे आजचे देऊळ रायबागच्या बोमप्पा नायकाने १५१४ साली बांधल्याचे सांगितले जाते.

मार्गशीर्षी पौर्णिमेस, जिला आपल्याकडे रांडाव पुनव म्हणतात, जमदग्नीच्या वधाच्या स्मरणार्थ बांगड्या फोडण्याची चाल आहे. तिच्याविषयी आम्ही फारसे लिहीत नाही. पण मुली वाहण्याच्या चालीविषयी मौन धरणे अप्रामाणिकपणाचे होईल. निगा न राखलेल्या केसांत जट झाली की देवीचे बोलावणे आले म्हणावयाचे आणि अजाण पोरीच्या गळ्यात मण्यांचे दर्शन बांधावयाचे! मुंबई इलाख्यात १९३४ साली याविरुद्ध कायदा झाला, तेव्हा बेळगाव जिल्हा त्याच इलाख्यात होता. कर्नाटकाचा कायदा १९८२चा. गडहिंग्लज भागातील राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांतून हे जिणे मराठी वाचकांसमोर ठेवले. त्यांवरूनच २००९ साली 'जोगवा' हा चित्रपट निघाला.

सेवेच्या आरंभीच्या काळातील एक प्रसंग आम्ही आजवर कोणास सांगितला नव्हता. मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन एक बाई आमच्या टेबलापुढे उभी राहिली. गळ्यात लाल-पांढरे मणी होते. अर्जातील वडिलांच्या नावाचा रकाना कोरा होता. नियमानुसार 'त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावा' असा शेरा मारून आम्ही अर्ज परत केला. बाई काही बोलली नाही. निघताना तिने कनवटीचा चिमूटभर भंडारा काढून टेबलाच्या कडेवर ठेवला. तिने अर्ज पुन्हा आणला नाही.

गेल्या यात्रेस आम्ही मोटारीने डोंगरावर गेलो. नारळ आजीच्या नावाने फोडला. दुसरा पिशवीत होता. तो कोणाच्या नावाने फोडावा, तर त्या बाईचे नावही आम्ही तेव्हा नीट वाचले नव्हते.