इनामगावची हाडं, गरम झऱ्यातला जंतू आणि तुमचा रिपोर्ट : डीएनएची नक्कल कुठे चुकते?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने, म्हणजे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी यांच्या चमूने, इथे मोठं उत्खनन केलं. सापडलं काय, तर इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातलं, म्हणजे आजपासून साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेलं शेतकऱ्यांचं गाव. घरं, धान्याची कोठारं, चुली. आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं. लहान मुलं गेली की त्यांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घरातच पुरत. मोठ्यांना आडवं निजवून पुरत, पण घोट्याखालचे पाय तोडून. दफनांमध्ये मुलांचं प्रमाण खूप मोठं आहे.

डॉक्टर म्हणून माझं लक्ष साहजिकच त्या मुलांकडे जातं. ती कशानं गेली? हाडं आणि दात तपासून अभ्यासकांनी कुपोषण, वाढ खुंटणं याबद्दल बरंच सांगितलं आहे. मग तुम्ही विचाराल, की आता एका थुंकीच्या थेंबातून टीबी ओळखता, तर या हाडांतून डीएनए काढून आजार ओळखायला काय हरकत आहे?

हरकत आहे ती नकलेची. आणि ती समजून घेतली तर तुमच्या हातातला पीसीआरचा, टीबीचा किंवा कॅन्सरच्या गाठीचा रिपोर्टही जास्त चांगला समजेल. म्हणून आज थोडा इतिहास.

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी. माणसाच्या एका संचात साधारण ३०० कोटी अक्षरं. ए समोर टी, सी समोर जी, अशा जोड्या. पेशी दुभंगते तेव्हा पोथीची नक्कल करावी लागते आणि ते काम पॉलिमरेज नावाचं एन्झाइम करतं. आर्थर कॉर्नबर्ग यांनी ते जंतूंमधून वेगळं केलं आणि १९५९ चं नोबेल मिळवलं. १९७२ मध्ये कॉर्नबर्ग आणि ब्रुटलाग यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : हे एन्झाइम नुसतं लिहीत नाही, लिहिलेलं वाचूनही बघतं. चुकीचं अक्षर बसलं की एक पाऊल मागे येतं, ते खोडतं, बरोबर बसवतं. शिवाय पेशीत मागून दुरुस्ती करणारी वेगळी यंत्रणा असते. एवढ्या राखणीमुळे आपल्या पेशीत नक्कल करताना साधारण शंभर कोटी अक्षरांत एखादीच चूक शिल्लक राहते.

सातबारा हाताने उतरवला जायचा तेव्हाचे दिवस आठवा. तलाठ्याने एकदा नावात काना चुकवला, की पुढच्या प्रत्येक उताऱ्यावर तोच चुकलेला काना. वाचून बघणारा कोणी असेल तर चूक तिथेच थांबते. नसेल तर ती वारसाहक्काने पुढे जाते. डीएनएचंही अगदी तसंच.

आता प्रयोगशाळेत या. नमुन्यातला डीएनए इतका थोडा असतो की तो दिसावा यासाठी त्याच्या कोट्यवधी प्रती काढाव्या लागतात. ही कल्पना १९७१ मध्ये आपल्या हरगोविंद खुराना यांचे सहकारी क्लेप्पे यांनी एका शोधनिबंधात मांडली होती, पण ती तिथेच राहिली. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत कॅरी मलिस यांना ती स्वतंत्रपणे सुचली. रात्री गाडी चालवताना सुचली असं ते सांगत. तापवा, डीएनएचे दोन धागे सुटे होतील. थंड करा, हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना प्रायमर चिकटतील. एन्झाइम मधली जागा भरेल. पुन्हा तापवा. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एका तुकड्याच्या १०७ कोटी प्रती. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला मोठा उपयोग सिकलसेल आजाराच्या निदानाचा होता. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या लोकांना हा आजार वेगळा सांगायला नको. त्यात पोथीतलं एकच अक्षर बदललेलं असतं.

अडचण अशी की दर वेळी तापवलं की एन्झाइम मरायचं, प्रत्येक फेरीला नवं घालावं लागायचं. उपाय मिळाला तो अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून. थॉमस ब्रॉक यांनी १९६० च्या दशकात तिथे खूप गरम पाण्यात मजेत राहणारा एक जंतू शोधला होता. १९६९ मध्ये त्याचं वर्णन आलं, १९७६ मध्ये त्याचं पॉलिमरेज वेगळं झालं. त्याचं नाव टॅक. १९८८ मध्ये पीसीआरमध्ये टॅक आलं आणि काम यंत्रावर सोपवता आलं. आज तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पीसीआर पोहोचला, तो या जंतूमुळे.

पण एक गंमत झाली. आधी वापरत असलेल्या एन्झाइमला वाचून बघण्याची सवय होती, टॅकला ती अजिबात नाही. उष्णता सोसणारा, भराभर लिहिणारा, पण लिहिलेल्याकडे मागे वळून न बघणारा कारकून. त्याच वर्षी, १९८८ मध्ये, टिंडल आणि कुंकेल यांनी मोजून दाखवलं, की टॅक साधारण ९००० अक्षरांमागे एक चुकीचं अक्षर बसवतं आणि साधारण ४१,००० मागे एखादं अक्षर गाळतं किंवा जास्तीचं घालतं. पुढे कळलं की हा आकडा परिस्थितीवर बराच हलतो. मॅग्नेशियम जास्त झालं, चार अक्षरांचा कच्चा माल सारख्या प्रमाणात नसला, गरजेपेक्षा जास्त फेऱ्या केल्या, की चुका वाढतात. आणि सतत तापवल्याने मूळ डीएनएचीच अक्षरं खराब होतात, हे वेगळंच. हे सगळं आटोक्यात ठेवलं तर टॅकही बरंच नीट लिहितं.

मग वाचून बघणारा पण उष्णता सोसणारा कारकून शोधला गेला. इटलीतल्या व्हल्कानो बेटाजवळच्या गरम समुद्रतळातल्या एका सूक्ष्मजीवाकडून पीएफयू नावाचं एन्झाइम मिळालं. १९९१ मध्ये ते टॅकपेक्षा दहापटीहून जास्त अचूक असल्याचं दाखवलं गेलं. १९९४ मध्ये वेन बार्न्स यांनी आणखी शहाणपणाची गोष्ट केली. भरपूर प्रमाणात टॅकसारखं लिहिणारं एन्झाइम आणि त्यात चिमूटभर वाचून बघणारं, असं मिश्रण केलं. चुकीचं अक्षर बसलं की लिहिणारा तिथेच अडखळतो. दुसरा येऊन ते खोडतो, पहिला पुढे निघतो. यातून ३५ हजार अक्षरांपर्यंतचे लांब तुकडे निघू लागले.

इथे तुम्ही घाबरून म्हणाल, मग माझा कोविडचा रिपोर्ट अशा बेफिकीर कारकुनाने लिहिला होता का? २०२० च्या उन्हाळ्यात दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलातले जवान मुंबईचा बंदोबस्त करून परतले आणि त्यांच्यातल्या काहींचे स्वॅब पॉझिटिव्ह आले, तेव्हा दौंडात तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जात होता. उत्तर असं : अशा तपासणीत नकलेतल्या चुकांनी सहसा बिघडत नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की विषाणूचा तो तुकडा नमुन्यात आहे की नाही. तुकडा जेमतेम शे-दोनशे अक्षरांचा. कोट्यवधी प्रतींपैकी काहींमध्ये कुठेतरी एखादं अक्षर चुकलं, तरी प्रत्येक प्रतीत चूक वेगळ्या जागी असते. बाकीच्या बरोबर प्रतींपुढे ती दिसतही नाही.

अशा रिपोर्टचा खरा शत्रू आहे भेसळ. एका नळीतल्या १०७ कोटी प्रतींपैकी थोड्याशा हवेतून शेजारच्या नळीत गेल्या तरी निगेटिव्ह माणूस पॉझिटिव्ह होतो. याचं सर्वांत लाजिरवाणं उदाहरण १९९४ चं : डायनोसॉरच्या काळातल्या हाडातून डीएनए मिळाल्याचं जाहीर झालं आणि पुढच्याच वर्षी तो बहुधा माणसाचाच असल्याचं दिसून आलं. म्हणून चांगल्या लॅबमध्ये नमुना उघडायची खोली आणि प्रती वाढवायची खोली वेगळी असते. प्रत्येक खेपेला नुसत्या पाण्याची एक नळी सोबत चालवतात. ती पॉझिटिव्ह आली तर सगळी खेप रद्द. १९९० पासून आणखी एक युक्ती आहे. प्रती काढताना टी ऐवजी यू हे अक्षर वापरायचं आणि पुढच्या खेपेच्या सुरुवातीला यू असलेलं सगळं कापणारं एन्झाइम घालायचं. कालच्या प्रती कापल्या जातात, रुग्णाचा अस्सल डीएनए शाबूत राहतो.

टीबीच्या सीबीनॅट तपासणीत सगळं बंद काडतुसात घडतं, तेही याचसाठी. गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. पण इथे प्रश्न थोडा बदलतो. टीबीचा जंतू आहे का, एवढंच बघायचं नसतं. रिफाम्पिसिन औषध त्याच्यावर चालेल का हेही बघायचं असतं. त्यासाठी जंतूच्या एका जनुकातल्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बदल आहे का ते तपासतात. बेडक्यात जंतू भरपूर असतील तर उत्तर भरवशाचं. जंतू अगदी मोजके असतील तर ‘औषधाला प्रतिरोध’ असं उत्तर खोटं निघण्याची शक्यता वाढते. म्हणून पहिल्यांदाच टीबी झालेल्या, प्रतिरोधाचा धोका कमी असलेल्या माणसाचा रिपोर्ट असा आला, की नवा बेडका घेऊन तपासणी पुन्हा करायची असते. पुन्हा बोलावलं म्हणून चिडू नका. आणि सकाळी उठल्यावर खोल खोकून काढलेला बेडका द्या, नुसती लाळ नको.

आता परत इनामगावकडे. २००० साली डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या प्राचीन सांगाड्यांतून डीएनए मिळतो का यावर शोधनिबंध लिहिला. शीर्षकातच त्यांनी ही आशा निराशाजनक असल्याचं म्हटलं. कारण आपली उष्णता. उष्ण, कधी कोरड्या कधी ओल्या मातीत डीएनए तुटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे अक्षरं बदलतात. सी या अक्षराचा एक भाग झडून त्याचा यू होतो. पॉलिमरेज त्याला टी समजतं आणि तसंच उतरवतं. म्हणजे इथे कारकून बरोबर आहे, मूळ कागदच कसर लागलेला आहे. असे शाबूत रेणू चार-पाचच असतील तर पहिल्याच फेरीतली चूक पुढच्या लक्षणीय प्रतींत दिसते आणि ती खरीच वाटते.

यावर उपाय निघाले : यू काढून टाकणारं एन्झाइम, कानाजवळचं घट्ट हाड, एकाच नमुन्याच्या अनेक स्वतंत्र नकला. डेक्कन कॉलेजच्याच वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालेल्या हरियाणातल्या राखीगढीत साठाहून जास्त नमुने तपासल्यावर एका स्त्रीचा डीएनए वाचता आला. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. मजा म्हणजे तुकड्यांच्या टोकांना सी चे टी झालेले दिसतात, हाच डीएनए खरोखर जुना असल्याचा पुरावा मानतात.

हे सगळं साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांपुरतं असतं तर मी इथे लिहिलं नसतं. पण हाच बिघाड काही आठवड्यांत घडतो, फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या तुमच्या गाठीच्या तुकड्यात. फॉर्मलिनमुळे डीएनए तुटतो आणि सी चे यू होतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर जनुकातला टी७९० एम नावाचा बदल बघून औषध ठरवतात आणि तो बदल म्हणजे नेमका सी चा टी. खरा बदल आहे की फॉर्मलिनची करामत, हे ओळखणं लॅबला जमलंच पाहिजे, नाहीतर रुग्णाला चुकीचं महागडं औषध सुरू होईल. चांगल्या लॅब आधी यू काढतात, वाचून बघणारं एन्झाइम वापरतात, आणि नक्कल सुरू होण्याआधी प्रत्येक मूळ रेणूला वेगळी खूण चिकटवतात. नंतर एकाच खुणेच्या सगळ्या प्रती शेजारी ठेवून वाचल्या की कुठली चूक नकलेतली आणि कुठलं अक्षर मूळचं, ते कळतं.

तुमच्या हातात काय आहे? शिरूर किंवा दौंडला छोट्या ऑपरेशनमध्ये गाठ काढली आणि बरणी पुण्याच्या लॅबला न्यायला नातेवाइकाच्या हातात दिली, असं अनेकदा होतं. तेव्हा बरणीत बफर केलेलं १० टक्के फॉर्मलिन आहे का, साधं सलाइन तर नाही ना, हे विचारा. तुकड्याच्या दहापट द्रव हवा. बरणी गाडीच्या डिकीत उन्हात नको, आणि आठवडाभर कपाटात तर अजिबात नको. तुकडा फॉर्मलिनमध्ये साधारण ६ ते ७२ तास राहावा. मेणातला ब्लॉक रिपोर्टबरोबर मागून घेतलात तर तो थंड, कोरड्या जागी ठेवा, कारण पुढे जनुकीय तपासणी लागली तर तोच मूळ कागद असतो. ब्लॉक खूप जुना असेल किंवा त्यात गाठीच्या पेशी अगदी थोड्या असतील आणि रिपोर्टमध्ये एखादा बदल फार कमी टक्क्यांत दिसत असेल, तर औषध सुरू करण्याआधी तो दुसऱ्या पद्धतीने किंवा नव्या नमुन्यावर पडताळून घ्यायचा का, हे तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना जरूर विचारा.