ओवीला धर्म असतो का? : मराठी ख्रिस्ती कवितेची तीनशे वर्षे

आम्ही तत्त्वज्ञान शिकवत असताना एका विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, माणसाने धर्म बदलला की त्याची भाषा कुठे जाते?" तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. आज ते देऊन बघू.

सुरुवात गोव्यापासून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षे बहुतेक साष्टीत राहिला. त्याने लिहिलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या! आता प्रश्न असा, की हे पुराण लिहावे असे त्याला का वाटले? त्याचे कारण काव्याच्या आरंभीच येते. एक नवख्रिस्ती पाद्रीला म्हणतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हांला दुसरे एखादे पुराण का देत नाही? बघा, या विनंतीत श्रद्धा आहे आणि तक्रारही आहे. देवळे पाडली गेली होती, पोथ्या गेल्या होत्या. संध्याकाळी घरात बसून काय ऐकायचे, ही माणसाची रोजची गरज मात्र तशीच होती. स्टीफन्सने ती ओळखली. म्हणून त्याने ओवी घेतली, आणि स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटले.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती आम्ही झाकणार नाही. ज्या सत्तेच्या छायेत हे पुराण झाले, तिनेच १६८४ साली स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. १६५४ नंतर ख्रिस्तपुराण पुन्हा छापले गेले ते थेट १९०७ साली, मंगळूरला. मधली अडीचशे वर्षे ते टिकले हाताने केलेल्या नकलांवर आणि घराघरांतल्या वाचनावर. सत्तेने दिलेली गोष्ट सत्तेने टाकली, आणि लोकांनी ती आपली म्हणून जपली.

आता अहमदनगरला येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). चित्पावन ब्राह्मण. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हाच्या मराठी चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते बरीच होती. शब्द मराठी, पण श्वास परका. टिळकांनी अभंग आणला, भजन आणले, कीर्तन आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. पूल ओलांडला म्हणून त्यांनी तो मोडला नाही, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. फुलांवर आणि मुलांवर कविता करणारे टिळक आणि 'अभंगांजली'चे टिळक वेगळे काढता येत नाहीत. त्यांच्या घरी राहिलेल्या बालकवींनाही हेच वातावरण मिळाले.

पण या साऱ्याची किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्याच्यापासून वेगळ्या राहिल्या. माहेरी वडिलांचे सोवळे असे, की बाजारातून आलेली वस्तूही धुऊन घ्यायची. अशा घरातली बाई पुढे कोणाच्याही हातचे पाणी प्यायला तयार होते. हा बदल त्यांनी 'स्मृतिचित्रे'त सांगितला आहे, आणि तोही हसत हसत! ईश्वराच्या स्वरूपावर त्या तिथे प्रवचन देत बसत नाहीत. पाणी, चूल, सोवळे, भांडण, पोरेबाळे, इथेच त्यांचा विश्वास कसाला लागतो. शाळेत रीतसर न शिकलेल्या या बाईने टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे स्वतः पूर्ण केले.

आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक श्रद्धेला विधान समजतो. अमुक खरे की खोटे, एवढेच तपासतो. या कवींनी आम्हांला शिकवले, की श्रद्धा ही आधी सवय असते. सकाळी तोंडात कोणते शब्द येतात, दुःखात कोणती चाल आठवते, पाहुण्याला कोणत्या पेल्यात पाणी देतो, त्यात ती राहते. म्हणूनच दैनंदिन जीवन हा भक्तिकवितेचा नुसता अलंकार नसतो. कविता खरी की उसनी, हे तिथेच कळते.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आज आम्ही असे सांगू : बाबा, धर्म बदलला तरी भाषा कुठे जात नाही. कधी बळजबरीने, कधी स्वखुशीने, माणूस घर सोडतो. जाताना ओवी मात्र बरोबर नेतो. आणि जे मागे राहिले, त्यांनी "ही ओवी आमची, तुझी नव्हे" असे म्हणू नये. कारण ज्ञानदेवांची आणि जात्यावरच्या बायांची ओवी साष्टीतल्या ख्रिस्ती घरानेही अडीचशे वर्षे सांभाळली आहे. वारसा सांगायचा तर या सांभाळणाऱ्यांचे नावही त्यात घ्यावे लागेल.

आज इथेच थांबू.